हिशेबनिसाच्या वाटेने

वर्ध्याच्या स्थानकावर उतरलेल्या मनुष्याच्या अंगात खादीचा सदरा असला, की त्याला कोठे जायचे आहे हे रिक्षावाल्यांना त्याच्या आधी ठाऊक असते. मी 'मगनवाडी' म्हणालो तेव्हा माझ्या रिक्षावाल्याने मान मागे वळवली आणि पाहुण्याची चूक त्याला न लाजवता सुधारून द्यावी अशा सौजन्याने, "सेवाग्रामले नाही जाऊन राह्यले काय भाऊ?" असे विचारले. आधी मगनवाडी, मग जमल्यास सेवाग्राम, हे उत्तर त्याला फारसे पटले नाही. तथापि धाकट्या भावाची कपाशी यंदा कशी बसली आणि सासुरवाडीच्या वांग्याचे भरीत कसे होते, हे तो मला वाटेत इतक्या मोकळेपणाने सांगत राहिला, की उतरताना त्याचा निरोप घेणे मला जड गेले. आमच्या कृष्णाकाठी दोन माणसे शेजारी बसून बारा कोस जातील आणि उतरताना एकमेकांचे गाव विचारतील. विदर्भात ओळख आधी होते, नावगाव मागाहून.

मगनवाडीला जाण्याचे कारण एक हिशेबनीस होता. जे. सी. कुमारप्पा हे नाव मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नसले तरी ते गांधीजींच्या मंडळींच्या छायाचित्रात मागल्या रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाचे नाव आहे. आणि पर्यावरण हा शब्द आपल्या बोलण्यात रुळण्यापूर्वी एक पिढी, वृक्षवेलींचे स्तोत्र न गाता, केवळ जमाखर्चाच्या काटेकोरपणाने ज्याने निसर्गाच्या ऋणाची मांडणी केली, तो हा मनुष्य आपल्या वर्ध्यात कित्येक वर्षे राहून गेला, याची आपल्याला फारशी वार्ताच नाही. मलाही ती उशिरा कळली, आणि कळली ती आमच्या घरच्या एका वहीमुळे. त्या वहीविषयी पुढे लिहीन.

मगनवाडीची जागा जमनालाल बजाजांनी दिलेली. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो येथे. गांधीजी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला जाण्यापूर्वी काही काळ येथेच होते, आणि संघाचे दप्तर कुमारप्पांच्या हाती होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडलेले मगन संग्रहालय आजही आहे. आत चरखे आहेत, हातकागदाची साधने आहेत, शेतीची अवजारे आहेत. आणि संग्रहालयात वस्तूंवर जी एक मृत झिलई चढते ती येथे अजून पुरती चढलेली नाही, कारण पाहायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या वस्तू आपल्या आजोळी वापरात पाहिलेल्या असतात. माझ्यापुढे एक म्हातारे जोडपे चालले होते. लाकडी घाणीपाशी आल्यावर आजोबांनी लाट कोणत्या झाडाची असावी यावर मत दिले आणि आजींनी ते तिथल्या तिथे खोडून काढले.

घाणीपाशी मीही रेंगाळलो. गिरणीपेक्षा घाणीत तेल कमी निघते, हा घाणीवरचा जुना आक्षेप. कुमारप्पांनी तो नाकारला नाही. त्यांनी फक्त हिशेब गिरणीच्या फाटकापाशी थांबू दिला नाही. गिरणीत बी गेले म्हणजे गावातून तेल गेले, तेलाबरोबर पेंड गेली, पेंडीबरोबर बैलाचा खुराक गेला, शेताचे खत गेले, आणि तेल्याच्या घरातले काम गेले. घाणीच्या पेंडीत जे चार थेंब उरतात ते वाया गेले असे ज्याला वाटते त्याने बैलाला विचारावे! जो खर्च दुसऱ्याच्या नावे पडतो तो खर्चच नव्हे, ही आपल्या नफ्यातोट्याची रीत. आणि लंडनमध्ये हिशेबतपासनीस होऊन, मुंबईत त्या धंद्यात चांगला जम बसवून मग तो सोडलेल्या माणसाच्या ती डोळ्यांत खुपावी, यात नवल नाही. वकिलाला कायद्यातली पळवाट दिसते तशी हिशेबनिसाला वहीतली चोरी दिसते.

संग्रहालयातल्या बाईंशी मगन चुलीविषयी बोलणे निघाले. १९४७ साली मगनवाडीत ही बिनधुराची चूल तयार झाली. धूर नळीवाटे घराबाहेर जावा आणि सरपण कमी लागावे अशी तिची रचना. बाईंच्या आईकडे त्या जातीची चूल होती. "धूर बाहेर जाये, ते खरं आहे," त्या म्हणाल्या, "पण आई म्हणे, भाकर काही मनासारखी फुगत नाही. मग बाबा घरी नसले का ती जुन्याच चुलीवर टाके." एवढे सांगून त्यांनी मला घरच्या डब्यातली जवसाची चटणी आणि अर्धी भाकरी खायला लावली. नको म्हणण्याची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असे विचारतात, आणि प्रश्नातच नकाराची जागा करून ठेवतात. जवसाचा तो किंचित कडसर, तेलकट खमंगपणा जिभेवर घेऊन मी बाहेर पडलो तेव्हा कुमारप्पांविषयी माझ्या मनात जी एक शंका पुष्कळ दिवस होती तिला शब्द मिळाले. घाणी, जाते, उखळ यांचा हिशेब त्यांनी मातीच्या, बैलाच्या, तेल्याच्या बाजूने चोख मांडला. परंतु पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बाईच्या खांद्याचा रकाना त्या हिशेबात मला नेहमीच अरुंद वाटत आला आहे. जन्मभर अविवाहित राहिलेल्या विद्वानांच्या शास्त्रांत स्वयंपाकघर बहुधा बाहेरून पाहिलेले असते.

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना सेलडोह लागते. पुढे ग्रामोद्योग संघातून मन निघाल्यावर कुमारप्पांनी तेथे पण्णै आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून केवळ शेते पाहिली. पावसाळा सरून गेलेला, कपाशीची बोंडे उकललेली, आणि भुईला जागोजाग भेगा. विदर्भाची ही काळी रेगडी मला नेहमी भारावून टाकते. एक ढेकूळ उचलून हातात दाबले तर ते फुटत नाही, हाताचीच परीक्षा पाहते.

आता वहीविषयी. आमचे घर सांगलीच्या बाजूचे, नदीकाठचे, म्हणजे अर्थातच उसाचे. आजोबांच्या हातची लाल कापडी बांधणीची एक वही आमच्या फडताळात आहे. तिच्यात दरसालचा ऊस किती टन गेला, दर काय पडला, बियाणे, खत, पाण्याची पट्टी, तोडीवाल्यांची उचल, इतकेच नव्हे तर गुऱ्हाळ होते त्या काळातल्या गुळाच्या ढेपांची संख्यासुद्धा आहे. अक्षर मोत्यासारखे, बेरीज कोठे चुकलेली नाही. मात्र ती वही जसजशी उलटत जावी तसतसा खताचा आकडा चढत जातो, टनांचा आकडा काही वर्षे चढून मग उतरू लागतो, आणि शेवटल्या पानांवर नदीलगतच्या तुकड्यापुढे आजोबांनी एकच शब्द लिहिला आहे: क्षारपड. ज्या वहीत मजुराच्या चहाचे पैसेही नोंदले होते त्या वहीत जमिनीची शिल्लक लिहायला रकानाच नव्हता. आम्ही मुद्दल खात होतो आणि त्याला उत्पन्न म्हणत होतो. त्या पांढऱ्या पडलेल्या तुकड्यात उन्हाळ्यात अनवाणी गेले तर तळव्यांना मीठ चुरचुरते. लहानपणी आम्हांला त्याची गंमत वाटे.

दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत माझ्यासमोर एक तेलुगू कुटुंब होते. त्यांनी पुलिहोरा उघडला तेव्हा डब्यातल्या चिंचेच्या वासाने मी माझे पुस्तक मिटले, आणि मिटले हे चांगलेच झाले, कारण कुमारप्पांचे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक उपाशी पोटी वाचण्याचे नव्हे. 'भारत छोडो'च्या धामधुमीनंतर जबलपूरच्या तुरुंगात ते लिहिले गेले आणि १९४५ साली गांधीजींनी त्याला प्रस्तावना लिहून लेखकाला ग्रामोद्योगाचा 'डॉक्टर' करून टाकले. पुस्तकाच्या आरंभी निसर्गातले व्यवहार पायरीपायरीने मांडले आहेत. झाडावर जगून झाडालाच मारणारे बांडगूळ. आंबराईत आपण न लावलेले फळ ओरबाडणारे माकड. आपले घरटे आपण बांधणारा पक्षी. पोळ्यासाठी खपणारी मधमाशी. आणि मोबदल्याचा विचारही न शिवता पिलाला चारा भरवणारी त्याची आई. मनुष्याचा संसार यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, हा प्रश्न. पुढे ते साठ्यावरचे अर्थकारण आणि प्रवाहावरचे अर्थकारण असा भेद करतात. कोळसा, खनिज तेल, धातू हा साठा. तो उपसला तितका कमी होणार, आणि कमी होणाऱ्या वस्तूसाठी राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसणार. रान, पीक, जनावर, वाहते पाणी हा प्रवाह. त्यातून जपून घेतले तर तो आटत नाही. महायुद्ध चालू असताना तुरुंगात बसलेल्या माणसाने तेलाच्या विहिरी आणि तोफा एकाच ओळीत मांडाव्यात, हे मला त्या पुस्तकातले सर्वांत धीट वाक्य वाटते.

हा मनुष्य मूळचा गांधीवादी नव्हे. १९२७ साली तो अमेरिकेत गेला, सिरॅक्यूजला व्यापारशास्त्र आणि कोलंबियाला सार्वजनिक अर्थव्यवहार शिकला, आणि हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मुळे सरकारी करपद्धतीत शोधणारा प्रबंध घेऊन परतला. तो प्रबंध छापण्याच्या निमित्ताने ९ मे १९२९ रोजी साबरमतीला गांधीजींची भेट झाली. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर सूत काढत बसलेला म्हातारा पाहून हे विलायती पोशाखातले गृहस्थ काही वेळ काठीवर रेलून उभे राहिले, कारण ठरलेली वेळ व्हायला अवकाश होता. आणि म्हातारा हाच गांधी हे कळल्यावर कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी त्याच सारवणावर बसले. त्यानंतर लवकरच गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन ते खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात घरोघर जमाखर्च विचारत हिंडत होते.

तंजावरला मी उतरलो ते एवढ्याचसाठी, की ४ जानेवारी १८९२ रोजी कुमारप्पांचा जन्म तेथला. ख्रिस्ती घराणे, त्या काळी आडनाव कॉर्नेलियस. जन्मघराचा शोध मी केला नाही. तंजावरात मराठी मनुष्य आला म्हणजे त्याचे पाय बृहदीश्वराच्या देवळातल्या मराठी शिलालेखाकडे वळायचेच. भोसल्यांची वंशावळ सांगणारी ती भिंतभर अक्षरे दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली कोरवून घेतली. चोळांच्या दगडावर आपली बाळबोध अक्षरे वाचताना अभिमान वाटतो हे खरे, पण परक्याच्या घरच्या भिंतीवर आपण नाव लिहून आल्यासारखा संकोचही वाटतो.

तेथे एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. त्यांची मातृभाषा मराठी, आणि त्यांच्या सात पिढ्यांत कोणी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या बोलण्याला तमिळ हेल होता आणि त्यात मधूनच असा एखादा जुना शब्द येई की मला वाटे, हा मी पोथीतच वाचला आहे. त्यांनी घरी नेले. केळीच्या पानावर भात, पिट्लै आणि पोळी. पिट्लै म्हणजे आपले पिठले दक्षिणेत नांदायला गेले ते डाळ, नारळ आणि कारले घेऊन असे बदलले, की माहेरच्यांनी ओळखू नये. सांबाराच्या जन्माची आख्यायिकाही त्यांनी सांगितली. ती सर्वांनी ऐकलेली असल्यामुळे येथे देत नाही. पोळीला मात्र पुरणाचा वास अस्सल घरचा होता. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी दप्तरांच्या रुमालांविषयी ते बोलू लागले: छत्रांत किती माणसे जेवली, तांदूळ किती मापे लागला, दिव्याला तेल किती जळले. कुमारप्पांचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. मी थोडके सांगितले. त्यावर ते किंचित हसून म्हणाले, "गांधींच्या मंडळीत कोणी तरी फडणीस पाहिजेच होता." निघताना मी 'येतो' म्हणालो. तमिळांतही जाणारा मनुष्य 'जाऊन येतो' असेच म्हणतो, हे त्यांनी मला दारापर्यंत येऊन सांगितले.

मदुरेविषयी लिहायला दुसरी लेखणी पाहिजे. रात्री उशिरापर्यंत वाफाळणाऱ्या इडल्यांच्या गाड्या, प्रत्येक वेणीत मोगरा, आणि जेवण झाल्यावर आपले पान आपल्या बाजूला दुमडून यजमानाच्या अन्नाला न बोलता दिलेली दाद, एवढेच मी पाहून घेतले व दुसऱ्या दिवशी तिरुमंगलमवरून टी. कल्लुपट्टीला निघालो. माणसांप्रमाणे गावांनाही आद्याक्षर लावण्याची ही तमिळ रीत मला फार आवडली. एका नावाची गावे पुष्कळ असली म्हणजे प्रत्येकाला आपला पत्ता नावातच बाळगता येतो.

तिरुमंगलम मागे पडल्यावर मी खिडकीतून बाहेर पाहिले आणि क्षणभर आपण सेलडोहला परत आलो की काय असे वाटले. तीच काळी माती, त्याच भेगा, तीच कपाशी. तमिळमध्ये या भूमीला करिसल म्हणतात. फरक इतकाच, की आपल्याकडे बांधावर बाभूळ आणि पळस, तर येथे ताड; एकटे, दुकटे, कोठे रांगेने, कोठे पडीक जागेत उगाचच उभे. जेथे माणसाने हात टेकले आहेत तेथे वेडी बाभूळ माजली होती. आपल्या उजनीच्या काठीही मी ती अशीच पाहिली आहे. रस्त्याच्या कडेला एक बाई मडक्यातून बाजरीचे कूळ देत होती. ताकात कालवलेली ती आंबट पेज, तोंडी लावायला कच्चा कांदा आणि ताकात मुरवून तळलेली मिरची. आपली आंबीलच ती. पण आमच्याकडे आंबील आता देवीच्या यात्रेपुरती उरली, आणि येथे मोटारसायकल उभी करून तरुण पोरे ती पीत होती.

गांधी निकेतन आश्रम वेंकटाचलपतींनी १९४० साली स्थापन केलेला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कुमारप्पा येथे राहिले. तोवर पुष्कळ घडून गेले होते: त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४९ साली शेतजमिनीच्या सुधारणांचा अहवाल दिला होता, आणि स्वतंत्र भारताने मोठी धरणे, मोठे कारखाने यांची वाट धरली होती. ट्रॅक्टरच्या गुणवर्णनावर, 'पण तो शेण देतो का?' असे ते विचारीत म्हणून सांगतात. ज्या दरबारात सगळे पुढच्या सनांच्या अंदाजपत्रकात दंग असतात तेथे मागल्या बाकीची आठवण करून देणारा कारकून कोणाला हवा असतो?

आश्रमातले एक वयस्क कार्यकर्ते, पांढरी वेष्टी नेसलेले, मला सगळीकडे हिंडवत होते. माझे तमिळ शून्य, त्यांचे इंग्रजी मोजके. पण दोघांनाही घाई नसल्यामुळे अडले नाही. कुमारप्पांच्या कुटीच्या भिंतीवर एका दरिद्री म्हाताऱ्या शेतकऱ्याचे चित्र असे, आणि आल्यागेल्याने विचारले तर, गांधी माझे गुरू आणि हा माझ्या गुरूंचा गुरू, अशा अर्थाचे उत्तर ते देत, ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती. मी हातवारे करून ती सांगू लागताच कार्यकर्त्यांनी मला थांबवले आणि शेवटला भाग स्वतः पुरा केला. आपल्या घरची गोष्ट पाहुण्याने पुरी करावी हे त्यांना रुचले नसावे. ३० जानेवारी १९६० रोजी, म्हणजे गांधीजींच्याच पुण्यतिथीला, कुमारप्पा वारले. तेरा वर्षांनी शुमाकर यांचे 'स्मॉल इज ब्यूटिफुल' निघाले, त्यातल्या बौद्ध अर्थशास्त्रावरच्या प्रकरणात कुमारप्पांचा दाखला आहे, आणि मग तो विचार विलायती शिक्का घेऊन आपल्याकडे परत आला. आपल्याच पेंडीचे तेल आपण परदेशी डब्यातून विकत घेतले म्हणायचे.

मग कॉफी आली. पितळी पेल्यात, काळी, करुपट्टीची. करुपट्टी म्हणजे ताडाच्या नीरेचा गूळ. पाडेकरी दिवसातून दोनतीनदा ताडावर चढतो, आतून चुना फासलेल्या मडक्यात गोड पदनीर उतरवतो, आणि ताडाच्याच वाळल्या झावळ्यांच्या जाळावर ते आटवून नारळाच्या करवंट्यांत ओततात. म्हणून त्याचा खडा अर्ध्या नारळासारखा गोल, वरून खरबरीत आणि फोडला की आत काचेसारखा चकचकीत. चव आमच्या कोल्हापुरी गुळाच्या वाटेला जाणारी नव्हे: धुराची, किंचित खारट, मागाहून गोड. साखरेसाठी सुपीक, पाण्याखालची जमीन गुंतवू नका, ती धान्याला द्या. गोडी पडीक जागेतल्या ताडा-शिंदीकडून घ्या, असे कुमारप्पा मगनवाडीपासून सांगत आले होते. पुस्तकात ते वाचले तेव्हा मला तो एक मुद्दा वाटला होता. पेला हातात असताना मला आमचा पांढरा पडलेला तुकडा दिसू लागला.

निघताना मी दानपेटीत टाकण्यासाठी काही पैसे काढले. कार्यकर्त्यांनी ते पेटीत टाकू दिले नाहीत. आत जाऊन पावतीपुस्तक आणले, माझे नाव दोनदा विचारून तमिळ अक्षरांत लिहिले, रक्कम अंकांत आणि अक्षरांत भरली, स्थळप्रतीपासून पावती नीट फाडून वेगळी केली. हे सारे होईतो माझी बस गेली. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या मदतकार्याचा हिशेब कुमारप्पांकडे असताना स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाकाठी तीन आणे एवढीच मंजुरी होती, आणि खुद्द गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा जास्तीचा खर्च निधीतून देता येणार नाही, असे त्यांनी गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांना कळवले होते. ते आठवून मी गेलेल्या बसविषयी तक्रार केली नाही.

घरी आल्यावर झावळीच्या पेटीतली करुपट्टी मी काकांपुढे ठेवली. उसाच्या बाबतीत आमच्या गावात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी खडा उजेडात धरला, वास घेतला, अडकित्त्याने कोपरा फोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"धुरकट लागतोय," अखेर ते म्हणाले. "एकरी किती पडतो ह्यो?"

ताड बांधावर असतात, पडीक रानात असतात, त्यांना एकर नसतो, असे मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी आणखी एक शब्द बोललो नाही. मग त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला आणि आणखी एक तुकडा, मघापेक्षा मोठा, फोडून घेतला.